डबी गळ्यात असताना

“डबी गळ्यात असेपर्यंत दुसरं काम नाही. चर्चमधून निघालात की सरळ त्या घरी. वाटेत बाजार नाही, गप्पा नाहीत,” असं फादरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. काळजीबाईने मान हलवली, पण ती नुसतीच हलली. म्हाताऱ्या धर्मगुरूंना असले नियम सांगायची सवयच असते, असं तिने मनातल्या मनात ठरवून टाकलं आणि विषय संपवला.

काळजीबाई हे नाव नवऱ्याने ठेवलेलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, त्यामुळे अडकलेल्या माणसांशी शांतपणे बोलायची त्याला सवय होती. बायको मात्र त्याला आवरत नसे. बाहेर पडल्यावर गॅस बंद केला का हे बघायला ती जिन्यावरून परत यायची. तीन वर्षांच्या मुलीला द्राक्ष द्यायचं तर चिरून द्यायची. कुठल्या आजारात काय होतं हे तिने एवढं वाचून ठेवलं होतं, की घरात कुणी शिंकलं तर नवरा आधी तिच्याकडे बघायचा. “काय झालंय मला, सांगून टाक,” म्हणायचा.

एवढं सगळं सांभाळताना देव मागे पडला. रात्रीच्या रोझरीच्या जपाला बसली की दुसऱ्या दहा मण्यांतच डोळे मिटायचे. सकाळची प्रार्थना करावी म्हटलं, तर मुलगी जपमाळ गळ्यात घालून घरभर नवरीसारखी मिरवायची. शेवटी पापनिवेदनाला गेली तेव्हा तिने तेच सांगितलं. “फादर, देवाला द्यायला वेळच उरत नाही.”

पडद्यापलीकडून फादर म्हणाले, “वेळ नसेल तर नसेल. पाय आहेत ना?”

असं ते काम तिच्या गळ्यात पडलं, आणि खरोखरच गळ्यात पडलं. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, संपली की फादर वेदीवरून पवित्र भाकर एका छोट्या चपट्या डबीत ठेवायचे, डबी कापडी पिशवीत, आणि पिशवीची दोरी तिच्या गळ्यात. ती घेऊन तिने जायचं टेलिफोन मावशींकडे. मावशींचे गुडघे गेल्यापासून त्यांना जिना उतरता येत नव्हता. चर्च त्यांच्याकडे येणार ते असं, डबीत बसून. ती भाकर म्हणजे नुसती खूण नव्हे, तो प्रभू स्वतः, हे काळजीबाईला लहानपणापासून पाठ होतं. पाठ असलेल्या गोष्टींचं एक असतं, त्या तोंडातच राहतात.

मावशींनी उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. लग्न केलं नाही. “दिवसभर दुसऱ्यांचं जोडून देत होते, माझं राहून गेलं,” असं हसत सांगायच्या. दोन खोल्या, खिडकीत कुंडी, टेबलावर पांढरंशुभ्र कापड, त्यावर क्रूस, मेणबत्ती आणि पाण्याचा पेला. काळजीबाई येण्याआधीच मेणबत्ती पेटलेली असायची. दार लोटलेलं, मावशी खुर्चीत ताठ बसलेल्या, डोक्यावर रुमाल.

सुरुवातीला काळजीबाई खरंच सरळ गेली. पिशवीवर हात धरून, कुणाच्या नजरेला नजर न देता. मग एका रविवारी दूध संपलं होतं आणि दुकान वाटेतच होतं. देवाने काही तक्रार केली नाही. पुढच्या वेळी दुधाबरोबर पाव, त्याच्या पुढच्या वेळी इस्त्रीचे कपडे. नवऱ्याने एकदा विचारलं, “अगं, डबी गळ्यात घेऊन तू बटाटे निवडतेस?”

“मग काय झालं? देव काय माझ्याबरोबर बाजारात यायला लाजतो? नाझरेथमध्ये त्याची आई जातच असेल की.”

तिचं तिलाच ते वाक्य फार आवडलं. श्रद्धा रोजच्या जगण्यात यावी, असं तर फादरच प्रवचनात सांगतात. इथे ती अक्षरशः आली होती, बटाट्यांच्या शेजारी.

मावशी मात्र उशिराबद्दल कधी बोलल्या नाहीत. एखाद्या रविवारी हात जरा थरथरताना दिसायचे, चेहरा घामेजलेला असायचा. वय झालं, असं म्हणून काळजीबाई प्रार्थना वाचायची, प्रसाद द्यायची आणि मुलगी घरी वाट बघतेय म्हणून उठायची.

त्या रविवारी मुलीला खोकला होता. काळजीबाईने तिला बापाजवळ ठेवलं आणि चर्चला आली खरी, पण मन घरीच. मिस्सा संपली, डबी गळ्यात आली, आणि ती थेट औषधांच्या दुकानात शिरली. तिथे रांग. रांगेत कॉलेजातली मैत्रीण, तिच्याही मुलाला खोकला. मग कुणाचा खोकला कोरडा, कुणाचा ओला, कोणतं औषध झोप आणतं, कोणतं झोप उडवतं. दोघींनी मिळून दुकानदाराला चांगलंच पिळून काढलं. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला, “ताप नाहीये, मी बघितला.” “हाताने बघितलास की थर्मामीटरने?” “हाताने कळतं की गं.” मग ती आधी घरी गेली. थर्मामीटर लावला, औषध पाजलं, मुलीने कुशीत डोकं खुपसलं, तिचा डोळा लागेपर्यंत काळजीबाई तशीच बसून राहिली. डबी दोघींच्या मध्ये. मुलगी झोपल्यावर ती उठली आणि मावशींच्या जिन्याशी पोचली तेव्हा सकाळ कधीच सरून गेली होती.

दार लोटलेलंच होतं. मेणबत्ती जळून जळून तळाशी आली होती. मावशी खुर्चीत होत्या, पण ताठ नव्हत्या. रुमाल खांद्यावर घसरलेला, केस घामाने कपाळाला चिकटलेले.

“मावशी, उशीर झाला हं. मुलगी आजारी आहे.”

मावशींनी तिच्याकडे पाहिलं आणि स्वच्छ, कामातल्या आवाजात म्हणाल्या, “नंबर बोला.”

काळजीबाईला आधी ती थट्टा वाटली. मग त्यांनी पुन्हा तेच म्हटलं, आणि हात हवेत उचलून नसलेली वायर नसलेल्या भोकात खोचू लागल्या. तिने तो हात धरला. गार आणि ओला. वाचून ठेवलेलं सगळं एका क्षणात वर आलं. “मावशी, तुम्हाला डायबेटिस आहे? गोळी घेतलीत का? सकाळी काय खाल्लंत?”

“गोळी घेतली,” मावशी म्हणाल्या. थोड्या वेळाने, दुरून आल्यासारखं, “खाणार कशी? तो यायचाय ना.”

गोळी आणि वर रिकामं पोट, म्हणजे साखर उतरली होती; काळजीबाई स्वयंपाकघरात धावली. पेल्यात पाणी, पाण्यात मिळेल तेवढी साखर. परत येऊन पेला मावशींच्या ओठांना लावला. मावशींनी ओठ घट्ट मिटले आणि मान फिरवली. अंगात त्राण नव्हतं, पण त्या मानेत होतं.

“प्या, मावशी.”

“आधी प्रभू.”

“प्रभू इथेच आहे, कुठे जात नाही. आधी हे प्या.”

“तोंड उष्टं होईल.”

“प्रसादाआधीचा उपास आजारी माणसांना नसतो. चर्चनेच सांगितलंय, केव्हाच.”

“कोणी सांगितलं? हल्ली फादर काहीही सांगतात.” जीभ जड झाली होती, पण हट्ट तसाच होता. “आम्ही लहानपणी... मध्यरात्रीपासून... पाण्याचा थेंबही नाही.”

ही बाई नियमासाठी जीव देईल, हे काळजीबाईला त्या क्षणी अगदी स्पष्ट दिसलं. आधी प्रसाद देऊन टाकावा, असंही वाटून गेलं. मग वाटलं, हिला आता कोण समोर आहे हेही धड कळत नाही. काय स्वीकारतेय हे कळेल का? आणि गिळता आलं नाही तर? पिशवीवर गेलेला हात तिने मागे घेतला. मावशींचे डोळे मिटत होते. रागावून उपयोग नव्हता, रडून तर नव्हताच. तिला एकच गोष्ट आठवली. गोळी घेतली होती.

“मावशी, सकाळी गोळी कशी घेतलीत? उपास होता ना?”

डोळे अर्धवट उघडले. प्रश्न नियमाचा होता, म्हणून पोचला. “औषधाने मोडत नाही. आता पाण्यानेही नाही. एवढं मला कळतं.”

“मग हे औषध आहे. पाण्यातून आहे. घ्या.”

मावशींनी पेल्याकडे पाहिलं. ही पोरगी लबाडी करतेय का, हे ठरवायला त्यांना वेळ लागला. मग ओठ उघडले. पहिला घोट हनुवटीवरून ओघळला. दुसरा गिळला. काळजीबाई थोडं थोडं पाजत राहिली आणि प्रत्येक घोटाला “औषध” म्हणत राहिली, मुलीला म्हणायची तसं. दुसऱ्या हाताने तिने नवऱ्याला फोन लावला आणि मुलीला शेजारी सोपवून डॉक्टरांना घेऊन यायला सांगितलं. त्याने एकही प्रश्न विचारला नाही. अडकलेल्या माणसाचा आवाज त्याला ओळखता येत असे.

हळूहळू हात थरथरायचे थांबले. मावशींनी खांद्यावरचा रुमाल चाचपला आणि डोक्यावर नीट घेतला.

“काय गं, अशी का बघतेस? भूत बघितल्यासारखी.”

“दर रविवारी असंच होतं?”

“दर रविवारी कुठे? पूर्वी डबी आणायची ती मुलगी वेळेवर यायची. तू आल्यापासून जरा...” पुढचं त्यांनी सभ्यपणे गिळलं, साखरेच्या पाण्यापेक्षा सहज.

“मला सांगायचंत ना.”

“सांगितलं असतं तर तू धापा टाकत आली असतीस. तू लेकुरवाळी. प्रभूला घेऊन कुणी पळत येतं का?”

काळजीबाईने पाव शोधला आणि चहा केला. मावशींनी पावाकडे बघून मान हलवली. हे मात्र औषध नव्हतं. त्या दोघींनी मिळून क्रूसाची खूण केली, प्रार्थना म्हटली. मावशींना आता प्रत्येक शब्द येत होता, काळजीबाईच मध्ये मध्ये चुकत होती. तिने डबी उघडली.

“ख्रिस्ताचं शरीर.”

“आमेन,” मावशी म्हणाल्या. मग जराशाने, “आण आता तो पाव. पोटात कावळे ओरडतायत.”

डॉक्टर आले, रागावले, गोळी बदलून गेले. फादरही संध्याकाळी येऊन बसले. आजाऱ्यांनी खायचं असतं हे त्यांनी मावशींना सांगितलं, आणि मावशींनी ते वरिष्ठांचा हुकूम ऐकावा तसं ऐकून घेतलं. पटलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. काळजीबाईला ते जाताना फक्त म्हणाले, “मुलीचा खोकला कसा आहे?”

आता ती सरळ जाते. नवरा म्हणतो, दूध मी आणेन. पोचल्यावर ती आधी स्वयंपाकघरात जाते, मग टेबलाशी बसते. मावशींना ते आवडत नाही. “पोलिसीण आली,” म्हणतात.

तिचं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या इमारतीत, गल्लीत, नात्यात असं कुणी असेल, गुडघ्यांनी घरात बसवलेलं, रविवारी प्रसादाची वाट बघणारं, तर आजच डोकावून या. “जेवलात का?” एवढंच विचारून परतू नका. ही पिढी “हो” म्हणते, तुमचा जीव निवांत व्हावा म्हणून. जरा आत जा. चुलीवर हात ठेवून बघा, कोमट आहे का. मोरीत एखादी खरकटी बशी आहे का ते बघा, आणि नसेल तर ते काही म्हणोत, समोर बसून दोन घास खाऊ घाला.