अजून थोडं थांबू या

ताई जन्मापासून आंधळी, पण तिच्या कानांपुढे डोळसांनी पाणी भरावं, असं कंपनीत सगळे म्हणत. प्रोग्राम लिहिण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. पडद्यावरचं सगळं कॉम्प्युटर तिला वाचून दाखवी, तेही इतक्या वेगात की शेजाऱ्याला नुसती भुणभुण ऐकू येई. बढती मिळेपर्यंत मात्र तिचे केस पिकले. आता बढत्या ठरवणाऱ्या समितीवर तिला घेतलं होतं, आणि मागे राहिलेल्यांना हात देता यावा एवढ्यासाठीच ती हो म्हणाली होती.

पहिल्या बैठकीला जाताना सर्व्हर सांभाळणारी पोरगी तिला जिन्यात भेटली. स्वतःच्या वस्तीतून कॉलेजात गेलेली ही पहिलीच. मागे कंपनीची सगळी यंत्रणा कोलमडली, तेव्हा हिनेच ती उभी केली होती. बढती मिळाली ती हिच्या हाताखाली शिकलेल्याला.

"ताई, यंदा नाही झालं तर मी राजीनामा देणार," पोरगी म्हणाली. "भाऊ म्हणतो, दुकानात येऊन बस. निदान तिथे कुणी 'होईल हं पुढे' म्हणून पाठ थोपटणार नाही."

"मी आहे ना आत," ताई म्हणाली. "मी बोलेन तुझ्यासाठी."

खोलीत गोल टेबल होतं. कोण कुठे बसलंय, ते ताईने आवाजांवरून ओळखून घेतलं. डावीकडे मोठे साहेब, दर वाक्याआधी घसा खाकरणारे. त्यांच्या पलीकडे एचआरच्या मॅडम, पेनाचं टोपण सारखं उघडझाक करणाऱ्या. समोर तांत्रिक विभागाचे प्रमुख, त्यांना सगळे दादा म्हणत. उजवीकडची खुर्ची तिने हाताने चाचपली. ती रिकामी होती.

पोरीचं नाव निघालं. दादांनी तोंड भरून कौतुक केलं, मॅडमनीही केलं. साहेब म्हणाले, "हुशार आहे, वादच नाही." चला, जमलं, असं ताईला वाटतंय तोच कुणीतरी बोललं.

"मुलगी गुणी आहे हो. पण अजून थोडं थांबू या. तिच्याच भल्यासाठी."

आवाज मऊ होता, मायेचा होता. बाईचा म्हणावा तर बाईचा, पुरुषाचा म्हणावा तर पुरुषाचा. आणि तो ताईच्या उजवीकडून आला होता.

"तेही खरंच," साहेब म्हणाले. मॅडमचं पेन कागदावर फिरू लागलं.

"थांबा," ताई म्हणाली. "हे बोललं कोण?"

"दादा बोलले ना?" मॅडम म्हणाल्या.

"मी? मला वाटलं, साहेब बोलले."

"मी तर हो म्हणून मोकळा झालोय," साहेब म्हणाले. "अहो ताई, कुणी का बोलेना, मुद्दा रास्त आहे."

ताईच्या अंगावर सर्रकन काटा आला. खोटं बोलणाऱ्याचा आवाज तिला लगेच कळे, आणि हे तिघंही खरं बोलत होते. दर वर्षी तिची बढती हुकली की समितीतला एकेक जण तिलाही गाठून सांगायचा, "मी तुमच्याच बाजूने होतो हो." मेले ढोंगी, असं म्हणत ती मनात त्यांचा उद्धार करायची. बिचारे खरं सांगत होते.

तिने पुन्हा उजवीकडे हात नेला. खुर्चीची गादी कोमट लागली, कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी.

"पुन्हा मतं घ्या," ती म्हणाली. "एकेकाने बोला."

दादा हो म्हणाले. मॅडम हो म्हणाल्या. साहेबही, जरा वैतागून, हो म्हणाले. मग उजवीकडे कुणीतरी बोलण्याआधी घेतात तसा श्वास घेतला. ताई उठली आणि त्या खुर्चीत धपकन बसली.

तो श्वास थांबला. तिला हायसं वाटलं. पण लगेच तिची जीभ जड झाली आणि तेच वाक्य तिच्या तोंडात तयार झालं. वाईट हे, की ते तिला पटत होतं. पोरगी फटकळ आहे. वर गेली की एकटी पडेल, होरपळेल. मी नाही का होरपळले? थांबली थोडी तर काय बिघडलं? तिच्याच भल्यासाठी. हे सगळं तिला मनापासून वाटत होतं, आणि स्वतःचीच तिला भीती वाटली. तिने दातांवर दात घट्ट आवळले.

"ताई, तुमचं काय?" साहेबांनी विचारलं.

साधं 'हो' म्हणायला तोंड उघडलं असतं, तरी आधी दुसरंच बाहेर पडलं असतं. ताईने नुसता हात वर केला.

पोरीला बढती मिळाली. संध्याकाळी ती ताईला जिन्यातच आडवी आली. आनंदाने बोलेल असं ताईला वाटलं होतं, पण आवाज कोरडा होता.

"दादांनी सांगितलं मला. सगळे माझ्यासाठी बोलले. तुम्ही मात्र मिठाची गुळणी धरून बसलात. एक शब्द नाही काढलात, ताई."

ताईला सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण ते वाक्य अजून जिभेवरच होतं, आणि समोर पोरगी उभी होती. ताईने ओठ मिटूनच तिच्या डोक्यावर हात ठेवू पाहिला. पोरगी बाजूला सरली आणि पायऱ्या उतरून गेली.