बोगद्याच्या तोंडाशी

आमच्या मदैरा बेटावर डोंगरातल्या पाटाच्या कडेने एकाच माणसापुरती वाट असते. पाट जिथे बोगद्यातून जातो तिथे तर दोघं समोरासमोर आले की कुणालाच हलता येत नाही. म्हणून तोंडाशी थांबून हाक मारायची, आणि आतून कुणी ओ दिली तर तो बाहेर येईपर्यंत थांबायचं, ही रीत.

माझा नवरा गौदेन्सियो याच बोगद्याचं छत कोसळून गेला. तेव्हापासून पाण्याच्या पाळीला मी हाक मारली, की आतून त्याचाच आवाज येतो, "येतोय गं, थांब!" येत कोणीच नाही. वाट बघून कंटाळले की मी डोंगराला वळसा घालून बोगद्यापलीकडचं पाटाचं दार उघडते. तोवर अर्धी पाळी संपते, रताळी तहानलेलीच राहतात. जिवंत असतानाही हा माणूस मला असाच ताटकळत ठेवायचा.

आज दीर झेफेरिनो सोबत होता, नुकताच व्हेनेझुएलाहून परतलेला.

"वहिनी, भास होतात तुम्हाला. चला आत."

"गप रे! आधी हाक मारू दे."

मी ओरडले, "आत कोण आहे?"

नुसतं पाणी टपकत होतं. पुन्हा ओरडले. काहीच नाही.

"बघा, मोकळा आहे!" म्हणत झेफेरिनो बॅटरी घेऊन आत शिरला. थोड्या वेळाने पलीकडून त्याची आरोळी आली, "पाणी सोडलं हो!"

पाट भरून वाहू लागला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पुरी पाळी मिळाली होती. मी मात्र तिथेच, अंधारात तोंड खुपसून ओरडत होते, "अरे, रागावलास का? थांबते की मी!"