मूठभर तळ

नापास व्हायची मला सवय नाही. शाळेत नाही, कॉलेजात नाही, आणि इथल्या ड्रायव्हिंगच्या परीक्षेत, जिथे भलेभले दोन-दोनदा आपटतात, तिथेही नाही. त्यामुळे वयाच्या बावन्नाव्या वर्षी डायव्हिंगच्या ओल्या सूटमध्ये, पाठीवर सिलिंडर घेऊन मी उभी आहे आणि माझ्याहून चार वर्षांनी लहान असलेला माणूस मला झापतो आहे, हे मला अजिबात मानवलं नाही. चूक माझी होती, म्हणून तर आणखीच नाही.

हा माणूस म्हणजे ब्रांट, इथल्या भाषेत हेर ब्रांट, म्हणजे श्रीयुत. फ्रँकफर्टहून ट्रेनने पाऊण तासावर एक मत्स्यालय आहे, तिथल्या पाणबुड्यांचा प्रमुख. तिथल्या मोठ्या टाकीत दर रविवारी स्वयंसेवक उतरतात, आतून काचा घासतात, खोट्या खडकांवरचं शेवाळ काढतात. पगार शून्य. इथे या प्रकाराला एरेनआम्ट म्हणतात, आणि त्याला पगाराच्या नोकरीपेक्षा जास्त कागद लागतात. डायव्हिंगचं लायसन्स, पन्नास बुड्यांची नोंदवही, डॉक्टरचं सर्टिफिकेट, वर पोलिसांचा दाखला.

मी हे सगळं गोळा करायला लागले तेव्हा आमच्या यशवंतरावांना हसू आवरेना.

"म्हणजे आठवडाभर ऑफिसात सॉफ्टवेअरच्या चुका शोधायच्या आणि रविवारी लोकांच्या काचा पुसायच्या? आपल्या बाल्कनीची काच दिवाळीपासून तशीच आहे, स्नेहलता."

"अहो, तिथे मासे आणून सोडा, मग पुसते."

आमची लेक अन्वी मराठी सगळं समजते, पण उत्तर जर्मनमध्येच देते. ती खाता खाता फक्त "गेनाऊ!" म्हणाली. अगदी बरोबर. पण कोणाचं, ते काही सांगितलं नाही.

खरं कारण मी दोघांनाही सांगितलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी माझ्या भावाचा, मल्हारचा, वाईहून फोन आला. रस्ता रुंद होतोय, त्यात आपली विहीर गेली, मुरूम टाकून बुजवली. बाबा त्याच्या आदल्याच वर्षी गेले होते. तेव्हाही मी रडले होतेच, पण विहिरीचं ऐकून जे रडू आलं ते थांबेचना. त्याच महिन्यात मी डायव्हिंग क्लबात नाव घातलं. क्लबचं तळं हिरवं, थंडगार, हातभर अंतरावरचं दिसायचं नाही, आणि वर्षातले सहा महिने ते बंदच. पण पाणी डोक्यावर मिटलं की मी दहा वर्षांची व्हायचे. मला ते बारा महिने हवं होतं, दर रविवारी.

मत्स्यालयात जागा दोनच होत्या. पुढची भरती तीन वर्षांनी. आणि कानाच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं की तीन वर्षांनी ते सर्टिफिकेटवर सही करतील अशी आशा ठेवू नये. म्हणजे आत्ता झालं तर झालं.

परीक्षा तशी सोपी होती. साडेचार मीटर खाली तळापर्यंत जायचं, मास्कमध्ये पाणी घेऊन ते बाहेर काढून दाखवायचं, काचेचा एक चौकोन घासायचा आणि वर यायचं. ब्रांटने एकच नियम तीनदा सांगितला. ब्रश सोडून हात कशालाही लावायचा नाही, आणि टाकीतलं काही बाहेर आणायचं नाही. मी तीनदा मान डोलावली.

खाली सगळं मनासारखं झालं. काच इतकी लख्ख घासली की यशवंतरावांना दाखवायला हवी होती. गुडघ्यांखाली मऊ, पांढरी वाळू होती, वर उजेड हलत होता, आणि कितीतरी वर्षांनी मला इतकं बरं वाटत होतं. वर निघताना, आपण काय करतोय ते कळायच्या आत, मी वाळूत हात खुपसला आणि भरलेली मूठ डोक्यावर धरून वर आले. शिडीशी येऊन वाळू गळणारी ती मूठ ब्रांटच्या नाकासमोर धरली. तोंडभर हसत.

तो आधी पांढरा पडला, मग लाल झाला. मी हात घातला तिथून वीतभर अंतरावर एक पाकट मासा वाळूत अंग पुरून बसला होता. त्याच्या शेपटीला विषारी काटा असतो.

"का?" तो ओरडला. "फ्राऊ जगताप, मला फक्त एवढं सांगा, का?"

रागात माझं जर्मन मोडतं. त्या मोडक्या जर्मनमध्ये मी सांगितलं, की आमच्याकडे विहिरीत बुडी मारली की तळाची माती आणून दाखवायची असते. त्याशिवाय तळ गाठला असं कोणी मानत नाही. पाणी काळंभोर, खाली काय चाललंय ते काठावरच्याला दिसत नाही, आणि दोन पुरुष खोलीपर्यंतच जाऊन, श्वास कोंडून परत येणारे लबाड काही कमी नसतात. त्यात माझे बाबा मामलेदार कचेरीत कारकून. पुराव्याशिवाय कशावर विश्वास ठेवतील तर शपथ. आमच्या गावात मुली पोहत नसत, पण बाबांनी कोणाचं ऐकलं नाही. पाठीला सुका भोपळा बांधून मला पाण्यात लोटलं. भोपळा सुटल्यावर म्हणाले, "आता तळ काढून दाखव." पुढचे चार उन्हाळे मी रोज मूठभर गाळ घेऊन वर येत होते.

ब्रांटने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "इथे भिंत काचेची आहे. तुम्ही तळाशी होतात ते पन्नास माणसांनी पाहिलं." आणि कागदावर नापास लिहिलं. चार आठवड्यांनी पुन्हा या, पण ती शेवटची वेळ.

ते चार आठवडे मी पोहण्याच्या तलावात सराव केला. यशवंतराव काठावर टॉवेल घेऊन बसायचे आणि मी वर आले की "हात!" म्हणून ओरडायचे. मी दोन्ही तळवे पसरून दाखवायचे. इतर पोहणारे आमच्याकडे काळजीने बघत.

दुसऱ्या परीक्षेला मी तळाशी गेले, मास्क रिकामा केला, काच घासली. निघताना उजव्या हाताने आपोआप मूठ आवळली. मी ती काखेत दाबून धरली आणि तशीच वर आले. शिडीवर ओझ्याने पुढची पायरी चढवेना, तेव्हा ब्रांटने वाकून माझं मनगट धरलं आणि मला वर ओढलं. मग त्याला मूठ दिसली. त्याचा चेहरा पडला.

"दाखवा," तो म्हणाला.

बोटं उघडेचनात. तो वाट बघत राहिला. शेवटी मी जोर लावून ती सोडवली. हात रिकामा होता.

"पास," तो म्हणाला, आणि मग घाबरला, कारण मी हमसून हमसून रडत होते.

बाबा असंच मनगट धरून मला पायरीवर ओढून घ्यायचे. मग माझी मूठ आपल्या हातात घेऊन एकेक बोट उघडायचे, करंगळीपासून, अगदी सावकाश. गाळ बघायचे आणि नुसतं "हं" करायचे. मला वाटायचं, तपासतायत. तेराव्या वर्षी माझं पोहणं बंद झालं, आणि त्यानंतर बाबांनी माझा हात धरला तो एकदाच, कन्यादानात, तोही भटजींनी सांगितलं म्हणून. मी जर्मनीला निघाले तेव्हा विमानतळावर ते हात पाठीमागे बांधून उभे होते. लेकीला जवळ घ्यायची त्यांच्याकडे रीतच नव्हती.

मी तळ गाठला की नाही, ते त्यांना माझ्या धापेवरूनच कळत असणार. त्यांना माती नको होती. आणि मी मात्र चार उन्हाळे त्यांना पुरावा देत राहिले.

ब्रांट विचारत होता, कुठे दुखतंय का. मी नाही म्हटलं. बावन्न वर्षांत पहिल्यांदाच माझी मूठ मला स्वतःला उघडावी लागली होती, हे त्याला कसं सांगणार?