आमच्या परसातला पहिला माड

मुंडकारानं मिरची लावावी, माड लावू नये, असं माझ्या सासूबाईंचं ठाम मत होतं. मिरची चार-सहा महिन्यांत आटोपते, तिचं कुणी काही विचारत नाही. माड लावला की भाटकार, म्हणजे जमिनीचा मालक, विचारायला येतो.

लग्न होऊन मी साखळीहून पार्सेला आले तेव्हा मला हे सगळं नवीन होतं. आम्ही मुंडकार, म्हणजे घर आमचं, पण घराखालची जमीन भाटकाराची, आणि भोवतालचे माड नि काजूही त्यांचेच. त्यांच्या माडाचा नारळ आमच्या अंगणात पडला तर सासूबाई तो उचलून कोपऱ्यात रचून ठेवत, भाटकाराचा माणूस न्यायला येईपर्यंत. आणि आमच्या आमटीला नारळ बाजारातून! माझा तर तिळपापड व्हायचा. आमचा कढीपत्ता डालड्याच्या डब्यात, मोगरा रंगाच्या डब्यात, लिंबू फुटक्या घागरीत. उद्या कुणी 'उठा' म्हटलं तर डबे उचलून चालू लागायची तयारीच होती म्हणा ना.

गोवा राज्य झालं त्यानंतर दोन-तीन वर्षांनी एकदाची आमच्या घराची आणि परसाची जमीन कायद्यानं आमची झाली. आम्ही कुंपण घातलं, फाटक बसवलं. सासूबाई मात्र होत्या तशाच राहिल्या. रस्त्यावर वहाण वाजली तरी दचकायच्या. जन्मभर राबलेल्या बाईला आता तरी आपल्या जागेत निर्धास्त बसता यावं, एवढंच मला हवं होतं, आणि नेमकं तेवढंच होत नव्हतं.

शेवटी फाल्गुनातल्या एका शनिवारी मी कंबर कसली. आमचे हे डिचोलीला खाणीच्या कचेरीत होते, शनिवार-रविवार घरी यायचे. पोदेराकडून पावाचे उंडे घेतले, चहा झाला आणि त्यांनी वर्तमानपत्र उघडायच्या आत मी त्यांच्या हातात कुदळ दिली.

"आता? मिरगाक लावतात गो माड," ते म्हणाले.

"विहिरीला पाणी आहे, मला हात आहेत. मिरगापर्यंत मी थांबणार नाही."

माझ्या भावानं साखळीहून माडाचं रोप आणून दिलं होतं, चांगलं गुडघाभर वाढलेलं. न्हाणीच्या मागं जागा ठरवली. हे खणायला लागले तशी मी पिकलेल्या मिरच्या खुडून तट्ट्यावर वाळत घातल्या, तांबड्या भाजीचा नवा वाफा केला, आळसांद्याच्या सुकलेल्या शेंगा काढल्या. काम असं भराभर उरकत होतं की मला गाणं सुचायला लागलं. सासूबाई मागच्या दारात बसून शेंगा सोलत होत्या. त्यांचं लक्ष शेंगांत नव्हतं.

"अनंता, हळू खण रे. आवाज जाता."

"जाऊं दे, आये. आपल्याच जमिनीत खणतां."

"तां खरां. पण भाटकाराक सांगलंस?"

"जमीन आपली झाली मगो!"

"तां खरां," त्या पुन्हा म्हणाल्या. "पण सांगलंस?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी आभाळाकडे. खड्ड्यात राख नि मूठभर मीठ टाकून आम्ही रोप लावलं, आळं केलं, पाणी घातलं. त्या दुपारी सासूबाईंनी आवडीच्या सुंगटांच्या हुमणाला, कोळंबीच्या आमटीला, हातही लावला नाही. पोटात दुखतंय म्हणाल्या. कुठं दुखतंय ते मला चांगलं ठाऊक होतं.

रविवारी आम्ही दोघं विहिरीवर गोधड्या धूत होतो. हे पिळायचे, मी झटकायचे, दोघंही चिंब. तेवढ्यात कुंपणापलीकडून बाबाजी भाटकार छत्री घेऊन देवळाच्या वाटेनं जाताना दिसले. आमच्याकडे पाहून त्यांनी मान हलवली आणि पुढं गेले. झालं, एवढंच. मी उरलेल्या गोधड्या धुऊन दोरीवर टाकल्या आणि माडाला पाणी घालायला बालदी घेऊन न्हाणीमागं गेले.

आळ्यात रोप नव्हतं! खड्डा बुजवलेला, माती हातानं सारखी केलेली, आणि वर मिरचीचं एक झाड खोचलेलं. त्याचीही मान पडलेली.

मी तशीच ओल्या लुगड्यानं स्वयंपाकघरात शिरले. चुलीच्या बाजूला मोठी टोपली पालथी घातली होती आणि सासूबाई तिच्यासमोर भिंतीला टेकून बसल्या होत्या. हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले. मी टोपली उचलली. खाली आमचा माड आडवा पडलेला.

"ही काय तऱ्हा झाली?" माझा आवाज चढला. "दिवसभर माणूस उन्हात खणतो आणि तुम्ही... भाटकार नुसते रस्त्यानं गेले हो! खाणार होते का तुम्हाला?"

हे मागून "अगो, हळू, हळू" करत आले. मी कसली ऐकते! आणखी दोन-चार शब्द बोलले असते, पण सासूबाईंनी वर पाहिलं आणि माझं तोंड मिटलं. त्या रडत नव्हत्या. नुसती हातांची माती खरवडत होत्या.

"मी नवी व्हकाल, नवी सून होतंय," त्या म्हणाल्या. "फणसाची रोपटी लावली होती, थंयच, न्हाणीफाटल्यान. बाबाजीच्या बापायचो माणूस आयलो आणि उपटून उडयली. तुजो मामंजी त्याच्या पायां पडलो. चूक मी केली आणि पायां तो पडलो. तेच्या फुडें ह्या हातांनी झाड लावूक ना."

ह्यांनाही हे ठाऊक नव्हतं. ते दाराला धरून उभे राहिले. माझा राग कुठल्या कुठं गेला, आणि आपण या बाईच्या भित्रेपणावर इतकी वर्षं हसलो याचं फार वाईट वाटलं.

मी रोप उचलून पाहिलं. देवाची कृपा, मुळं शाबूत होती, नारळही फुटला नव्हता. घाबरलेल्या माणसानं उपटलं होतं, पण अलगद उपटलं होतं. मी ते त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"उठा, मायं. आम्ही लावलं म्हणून तुम्ही उपटलं. आता तुम्हीच लावा. मग कोण उपटतो ते मी बघते."

त्या किती तरी वेळ रोपावरून हात फिरवत बसल्या. मला वाटलं, नाहीच उठणार. मग म्हणाल्या, "राख घाल गो आणिक मात्शी." मी चुलीतली आणखी थोडी राख घेतली, आणि त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या.

खड्डा ह्यांनी पुन्हा उकरला. बाकी सगळं सासूबाईंनी केलं. मातीतले खडे वेचले, रोप सरळ आहे ना ते तीनदा पाहिलं, आळ्याची कड हातानं थापली. मला तर त्यांनी बालदीला हातसुद्धा लावू दिला नाही. तांब्या तांब्यानं पाणी घालू लागल्या.

तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. बाबाजी भाटकार देवळातून परत येऊन बाहेर उभे होते. त्यांनी सासूबाईंना हाक मारली.

"पार्वती, आसा काय गो घरांत? येवं मगे भितर? तुजी मिरची जाय होती मात्शी."

सासूबाईंचा तांब्या हवेतच थांबला. मिरची हवी म्हणून ते आत येऊ का, विचारत होते. सासूबाई रोप उपटतात की काय पुन्हा? हे सवयीनं फाटक उघडायला धावले, मी त्यांचा सदरा मागून धरला.

सासूबाईंनी आधी माडाकडे पाहिलं, मग फाटकाकडे.

"मात्शे रावा, बाब!" त्यांनी हाक दिली. हाक चांगली रस्त्यापर्यंत गेली. "माड लायलो हा. तेका पाणी घालतंय."

बाबाजी टाचा उंच करून कुंपणावरून बघायला लागले. माड त्यांना दिसलाच असणार.

"घाल, घाल," ते म्हणाले. "रावतां हांव."

आणि खरंच थांबून राहिले. उन्हात, छत्री उघडून, आमच्या फाटकाबाहेर. सासूबाईंनी जराही घाई केली नाही. बालदी रिकामी होईतो एकेक तांब्या घातला, वाकून रोपाच्या बुडाची माती दाबली, पदराला हात पुसले. आणि मग स्वतः जाऊन कडी काढली.

"येवा आतां," त्या म्हणाल्या.