दुसरी यादी

तिनं स्टॉपवॉच टेबलावर ठेवलं, समोरच्याला दिसू नये म्हणून पॅडची वरची कड उचलून धरली आणि पहिला शब्द वाचला.

"शिडी."

सेकंदाला एक शब्द. आवाज चढता कामा नये, पडता कामा नये, आणि शेवटचा शब्द आला हे ऐकणाऱ्याला सुरावरून कळता कामा नये. "ढग. सुतार. लिंबू. पूल. उशी." समोरच्या खुर्चीतले घड्याळजी तिच्या ओठांकडे बघत होते. चाळीस वर्षं एका डोळ्याला भिंग लावून दुसरा मिटून काम केल्यामुळे त्यांचा डावा डोळा आता रिकाम्या वेळीही अर्धा मिटलेलाच असे, आणि त्यामुळे ते सतत कुणाची तरी गंमत करताहेत असं वाटे. "घुबड. काच. दोरी. मीठ. बेट. कंदील."

बाजूच्या भिंतीत आरशासारखी दिसणारी काच होती. तिच्या पलीकडच्या अंधाऱ्या खोलीत मॅडम मांडीवर परीक्षणाचा तक्ता घेऊन बसल्या होत्या. तिचं स्वतःचं हे पीएचडीचं चौथं वर्ष. प्रबंध जवळजवळ लिहून झाला होता, रुग्णालयातल्या प्रशिक्षणाची एवढी एकच पायरी उरली होती. देखरेखीखाली एक अख्खी स्मरणचाचणी घ्यायची, पुस्तिकेत छापली आहे तशी, एक वाक्य इकडचं तिकडे न करता. ती पार पडली की अहवालाखाली स्वतःची सही. मध्येच मोडली तर सहा महिने थांबायचं. एकदा ती संधी हुकलीच होती; बाबा गेले त्या महिन्यात.

"आता यातले आठवतील तेवढे शब्द सांगा. क्रम कुठलाही चालेल."

"कुठलाही कशाला?" घड्याळजी म्हणाले. "रांगेनंच जाऊ की."

आणि ते गेले. "शिडी-ढग. सुतार-लिंबू. पूल-उशी." जोड्याजोड्यांनी, मान हलवत, कुठेही न अडखळता थेट कंदिलापर्यंत.

तिची पेन्सिल सातव्या खुणेपाशी थांबली होती. पहिल्या वाचनात धडधाकट माणसाला सहा-सात शब्द येतात. आधी शेवटचे येतात, मग सुरुवातीचे एक-दोन, मधले बहुधा हरवतात. बारा शब्द, ओळीनं, पहिल्याच फटक्यात कुणालाही येत नाहीत.

पुस्तिकेप्रमाणे आता तिनं काहीही न बोलता तीच यादी पुन्हा वाचायची होती.

"काका," ती म्हणाली, "हे शब्द आधी ऐकलेत का कुठे?"

"म्हणजे काय! मागच्या वेळी नाही का, तुमच्या त्या दुसऱ्या बाईंनी वाचले? मला गरगरायला लागलं म्हणून अर्ध्यातून उठलो. आमची मुलगी मागे बसली होती, तिनं फोनवर उतरवून घेतले. रोज सकाळी मी दाढीला बसलो की विचारते. एक जरी चुकला तरी तोंडावरचा फेस धुऊ देत नाही." ते हसले. "पाढ्यांसाठी मी तिला लहानपणी रडवलं होतं, त्याचं उट्टं काढतेय पोरगी. पण झालो की नाही पास?"

तिनं काचेकडे बघितलं नाही. काचेत तिला स्वतःचाच चेहरा दिसला असता.

घरी तिच्याकडेही असंच झालं होतं. फक्त दाढीचा आरसा नव्हता, स्वयंपाकघरातलं टेबल होतं. दीड वर्षापूर्वी ही चाचणी शिकताना सरावाला माणूस हवा होता, आणि टपाल खात्यातून निवृत्त झालेले बाबा दिवसभर घरीच होते. बत्तीस वर्षं त्यांनी पत्रांची वर्गवारी केली होती. शहरातली कुठली गल्ली कुठल्या खणात जाते हे त्यांच्या हाताला डोळ्यांच्या आधी कळे. "या, मास्तरीणबाई, घ्या परीक्षा," म्हणत ते चष्मा पुसून बसत. तिचा वेग चुकला की टेबलावर बोट आपटत. "फार पळतेस. गिऱ्हाईक घाबरेल." पंधरा-वीस वेळा तरी तीच यादी झाली असेल. बाबा शब्द सांगताना हवेत बोट नेत. वरच्या रांगेत चार, मधल्या रांगेत चार, खालच्या रांगेत चार. जणू समोर लाकडी खणांची चौकट उभी आहे आणि ते एकेक पाकीट आत सरकवताहेत.

मग एकदा शेजारणीचं विजेचं बिल आपल्या घरात कसं, म्हणून ते दिवसभर शोध घेत राहिले. सकाळी जिन्यातल्या पेटीतून त्यांनी स्वतःच ते आणलं होतं. आठवड्यानं तेच म्हणाले, "मला एकदा दाखवून ये गं. तुझ्याच मॅडमकडे."

त्या दिवशी ती बाहेरच्या बाकावर बसली होती. तासाभरानं बाबा हसत बाहेर आले.

"बाराच्या बारा! बोल, काय बक्षीस?"

बाकावरून उठतानाच तिच्या लक्षात आलं होतं की मॅडमनी कुठली यादी वाचली असणार. दार उघडं होतं. दहा पावलं टाकून आत जायचं आणि सांगायचं, मॅडम, ती यादी त्यांना पाठ आहे, मीच पाठ करून घेतली आहे. तिनं बाबांच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाली, "चला, बक्षीस म्हणून रिक्षा."

त्यानंतर किल्ल्या फ्रीजमध्ये सापडल्या तेव्हा ती म्हणाली, चाचणीत तर सगळे शब्द आले होते. आत्याला फोनवर तेच सांगितलं. रात्री उशीवर डोकं टेकताना स्वतःलाही तेच सांगितलं. सात महिने ते वाक्य पुरलं. आठव्या महिन्यात, थंडीतल्या एका पहाटे, बाबा दाराची साधी कडी काढून कामावर निघाले. टपाल कचेरी जुन्या इमारतीतून हलवून सहा वर्षं झाली होती. बंद इमारतीच्या पायऱ्यांवर ते उजाडेपर्यंत पडून होते. पुढे नऊ दिवस रुग्णालयात.

दाराला आतून कुलूप लावायचं, एवढंच करायचं होतं. आजार माहीत असता तर कुणीही लावलं असतं.

"बाई?" घड्याळजी म्हणाले. "पुढचं वाचताय ना?"

तिनं स्टॉपवॉच थांबवलं. खण उघडून खालच्या फोल्डरमधून दुसरा कागद काढला. एकच चाचणी त्याच माणसावर पुन्हा घ्यावी लागली तर वापरायची, तितक्याच अवघड बारा शब्दांची यादी. ती मध्येच बदलायची मुभा पुस्तिकेत नव्हती.

"काका, ही यादी तुम्हाला पाठ आहे. आपण दुसरी घेऊ या."

"अरेच्चा," ते म्हणाले. "पेपर फुटला म्हणायचा."

"तसंच."

"मुलीनं फोडला. मी साक्षीदार." पण ते हसता हसता खुर्चीत थोडे पुढे सरकले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले, शाळकरी पोरासारखे.

तिनं वाचलं. विहीर. टोपी. न्हावी. गवत. सेकंदाला एक. शेवटच्या शब्दालाही आवाज हलला नाही.

घड्याळजींनी वर छताकडे बघितलं. मग टेबलाकडे. "टोपी," ते म्हणाले. बराच वेळ गेला. "न्हावी होता ना त्यात?"

"आणखी काही आठवतंय?"

"शिडी," ते हळूच म्हणाले, आणि लगेच मान हलवली. "नाही, ती मागची."

तिनं यादी पाच वेळा वाचली. पाचव्या वाचनात तीन शब्द आले. मध्ये आकृत्या जुळवायचं काम होतं, त्यात त्यांची बोटं झरझर चालली. पंचवीस मिनिटांनी तिनं विचारलं, मघाशी वाचलेल्या शब्दांतले कुठले आठवतात.

"कुठले शब्द?" घड्याळजी म्हणाले.

तिनं शून्य लिहिलं. ते तिच्या पेन्सिलीकडे बघत होते. उलट्या बाजूनं वाचायची सवय असावी.

"बाहेर मुलगी बसलीय," ते म्हणाले. "तिला काय सांगणार?"

"तुमचा निकाल तुमचा आहे, काका. तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी कुणालाच सांगणार नाही."

"मग इतक्यात नका सांगू. खूश आहे हो ती. महिनाभर जाऊ दे." ते उठले, खुर्ची नीट आत सरकवली. "घड्याळ मागे पडायला लागलं की गिऱ्हाईकाला आधी कळत नाही. आम्हाला आवाजावरून कळतं. तुम्हालाही कळलं, कळलं ना?"

ते तोंड धुवायला गेले. ती काचेपलीकडच्या खोलीत गेली. मॅडमनी दिवा लावला नव्हता. काचेतून रिकाम्या खुर्च्या दिसत होत्या, आणि टेबलावर विसरलेला तिचा खोडरबर.

"चाचणी मोडली मी," ती म्हणाली.

"बघितलं. तक्त्यात तसंच लिहावं लागेल मला."

"लिहा." ती उभीच राहिली. "मॅडम, आणखी एक आहे. बाबांना पण ती यादी पाठ होती. मी सराव करायचे त्यांच्यावर. तुम्ही त्यांना तपासलंत त्या दिवशी मला माहीत होतं, आणि मी बोलले नाही. त्यांचा निकाल खोटा होता. माझ्यामुळे."

हे वाक्य तिनं बाबा गेल्यापासून तोंडात धरलं होतं. बाहेर आल्यावर ते अगदीच लहान निघालं.

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं.

"बस जरा."

"नको, ठीक आहे."

"बस."

ती बसली.

"त्यांनी बारा शब्द सांगितले, ओळीनं. पहिल्याच वाचनाला. हवेत असं बोट नेत." मॅडमनी बोट उचललं, वरच्या रांगेत एक जागा दाखवली, आणि खाली घेतलं. "तू जो प्रश्न आज विचारलास तो मी तेव्हा विचारला. ते म्हणाले, मुलगी शिकतेय, तिनं घोकून घेतलंय. मग मी दुसरी यादी घेतली."

काचेपलीकडे सफाईवाली बाई आली, टेबल पुसलं, खोडरबर उचलून खिडकीत ठेवला आणि गेली.

"किती आले?"

"दोन. बोट वर गेलं, पण खणात काही नव्हतं. बराच वेळ ते तसंच धरून होते."

"पण ते हसत आले बाहेर. बाराच्या बारा म्हणाले."

"दाराशी थांबून त्यांनी मला विचारलं, पहिल्या यादीचे बारा मोजता येतील का. मी नाही म्हटलं. मग म्हणाले, निदान मुलीला सांगू नका. तिचा प्रबंध होईपर्यंत. माझ्यावर सराव करून शिकलीय, तिला वाटेल तिचंच काही चुकलं."

ती स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. अंगठ्याला पेन्सिलीचं शिसं लागलं होतं.

"मी त्यांना दर महिन्याला फोन करायचे," मॅडम म्हणाल्या. "सांगितलंत का घरी? म्हणायचे, पुढच्या महिन्यात. घराबाहेर भरकटल्याचं एकदा जरी कानावर आलं असतं तर मी त्यांचं ऐकलं नसतं. तसं काही झालंच नाही. पहिल्यांदा झालं ते..." त्या थांबल्या.

"तुम्ही मला सांगायला हवं होतं."

"हो," मॅडम म्हणाल्या.

निकाल ज्याचा त्याचा, हा नियम मॅडमनी सांगितला नाही. तिला तो तोंडपाठ होता. पहिल्या वर्षी पहिल्या तासाला याच बाईंनी फळ्यावर लिहून दिला होता. तिनं डोळे पुसले नाहीत, फक्त चष्मा काढून मांडीवर ठेवला. थोड्या वेळानं मॅडमनी उठून पाण्याची बाटली तिच्यापुढे ठेवली आणि पुन्हा आपल्या खुर्चीत बसल्या. दोघी काचेतून त्या रिकाम्या खोलीकडे बघत राहिल्या. कुणीतरी आत येऊन बसायचं आहे, अशा.

"सहा महिन्यांनी परत घेऊ," मॅडम शेवटी म्हणाल्या.

"चालेल."

बाहेरच्या बाकावर घड्याळजींची मुलगी बसली होती. पर्स मांडीवर, तिच्यावर दोन्ही हात. दार उघडताच मुलगी चटकन उठली.

"कसं झालं? बाबा कुठायत?"

"तोंड धुतायत. येतील."

"आले ना सगळे शब्द? नाही, मी विचारू नये, मला माहितीय. पण सकाळी एकही चुकला नव्हता हो. एकही. मी म्हटलं त्यांना, बघा, तुम्ही उगीच घाबरता." ती हसली आणि तिचा चेहरा क्षणभर अगदी घड्याळजींचा झाला. "सांगा ना. निदान बरं झालं की नाही एवढं."

पॅसेजच्या टोकाला घड्याळजी दिसले. ते रुमालानं हात पुसत एकेका दाराची पाटी वाचत येत होते. एका चुकीच्या दारापाशी थांबले, मागे वळले.

"ताई," ती म्हणाली, "ते मी सांगू शकत नाही. ते तुम्हाला त्यांनाच विचारावं लागेल."

"बरं. विचारीन मग, सावकाश. आज दमले असतील."

ती जायला वळली होती. पुन्हा फिरली, आणि त्या बाईच्या पर्सवरच्या हातावर आपला हात ठेवला.

"आजच विचारा," ती म्हणाली.