गाडी डावीकडं ओढते

सोमशेखर गेला तेव्हा त्याच्या हातात रिमोट होता, आणि लोकांना बोलायला तेवढं पुरलं. चाळिशी ओलांडलेला माणूस, चादरींचं चालतं दुकान, घरात बायको, म्हातारा बाप; आणि रविवार आला की हा बाबा बंद गिरणीमागच्या मैदानात रिमोटची गाडी पळवत बसणार! हसणाऱ्यांचं काय जातं? हसले. कुणी ‘खेळणं’ म्हटलं की सोमशेखरचं डोकं फिरायचं. खेळणं विकत आणतात, ही गाडी आपण जुळवायची असते, असं तो तावातावानं सांगायचा आणि ऐकणारा दुसरीकडं बघायचा. त्या ऐकणाऱ्यांत त्याची बायको शिवलीलाही होती, हे आताच सांगून टाकलेलं बरं.

पौषातल्या एका रविवारी तो गाडी चालवता चालवता मटकन खाली बसला, तो उठलाच नाही. मित्रांनी उचलून दवाखान्यात नेलं, पण जीव मैदानातच गेला होता. गाडी कुणीतरी झुडपातून काढली आणि घरी आणून ठेवली.

खरा घोळ झाला तो पुरताना. लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत. बसवून पुरतात, आणि लहानपणापासून गळ्यात असलेलं त्याचं इष्टलिंग त्याच्या तळहातावर ठेवतात. चांदीच्या डबीतलं ते लिंग जिवंतपणी अंगावेगळं करायचं नसतं. सोमशेखरच्या गळ्यात ते नव्हतं. घर पालथं घातलं, दवाखान्यात विचारलं, मैदानात जाऊन शोधलं. शेवटी ऊन उतरायला लागलं तेव्हा स्वामींनी मठातून दुसरं लिंग आणवलं, तेच हातावर ठेवलं आणि माती लोटली.

तेव्हापासून म्हातारा बसप्पा, सोमशेखरचा बाप, जेवणाला बसला तरी घास हातातच ठेवायचा. सकाळी पूजेला बसला की स्वतःचं लिंग डाव्या तळहातावर घेऊन नुसता बघत राहायचा.

“आपल्यात भूतबित नसतंय,” तो सुनेला म्हणायचा. “माणूस गेला की लिंगैक्य झाला, संपलं. पण ज्याचं लिंगच संगट न्हाय, त्यो कशात ऐक्य व्हणार गं? माझं पोरगं मदीच अडकलंय.”

शिवलीला त्याच्यापुढचं ताट उचलून आत न्यायची. तिला रडूही येत नव्हतं. भेटायला येणाऱ्या बायका तिला रडवायचा चंग बांधूनच यायच्या आणि हिरमुसून जायच्या. चैत्र लागला, ऊन पेटलं, आणि एके दिवशी त्या बायकांना चुकवायला म्हणून तिनं कपाटावरची गाडी पिशवीत घातली आणि अशोक चौकातलं अनिलकुमारचं दुकान गाठलं.

अनिलकुमार हा सोमशेखरचा यातला जोडीदार. विणकरांच्या घरातला, माग सोडून या गाड्यांच्या नादी लागलेला, स्वभावानं तिखट. वहिनी शिकायला आलीय म्हटल्यावर त्याचे डोळे भरले, पण शिकवताना त्यानं काही दयामाया दाखवली नाही.

“बॅटरी चार्जिंगला लावायची ती मातीच्या कुंडीत ठेवून. आणि लावून दुसऱ्या खोलीत जायचं न्हाय. दूध तापत ठेवून जाता का? मग! ही उतू गेली तर घर पेटतंय.”

“बरं.”

“चालवताना आधी रिमोट चालू, मग गाडी. बंद करताना उलटं. मधीच रिमोट बंद पडला तर गाडीनं जागीच थांबायचं, तसं सोमण्णानं लावून ठेवलंय. आणि ही चकती बघा, हिला ट्रिम म्हणत्यात. चाकं कितीबी सरळ दिसू द्या, गाडी जराशी एका अंगाला ओढतीच. चकती फिरवून ती ओढ मारायची. पहिलं काम ते. गाडी सरळ पळाली की निम्मं शिकलात.”

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर शिवलीला मैदानात गेली. अक्कलकोटची तिची आई सांगायची, भर दुपारी मोकळ्या जागी जाऊ नये म्हणून. पण त्या वेळी कुणी बघायला नसतं, आणि तिला तेच हवं होतं. गिरणीचं धुराडं, करपलेलं गवत, लांबवर तापलेल्या हवेची थरथर. माणूस नाही, कुत्रं नाही. तिनं आधी रिमोट चालू केला, मग गाडी, आणि बोटानं हलकेच रिमोटचा बंदुकीसारखा घोडा ओढला. गाडी सूं करून सुटली आणि डावीकडं वळली.

तिनं चकती उजवीकडं फिरवली. गाडी डावीकडं. अजून फिरवली. डावीकडंच. घरी येऊन तिनं गाडी विटेवर ठेवली, चाकं अधांतरी फिरवून पाहिली, तर ती चांगली उजवीकडं तोंड करून होती. म्हणजे मैदानात गाडी चाकांचंही ऐकत नव्हती. शिवलीलाला राग आला. नवऱ्याचं हे खूळ आपल्याला एवढंही जमू नये म्हणजे काय! ती रोज जाऊ लागली.

शेवटी तिनं अनिलकुमारलाच बोलावलं. तो आला, वैतागलेलाच. चकती मधोमध आणून त्यानं गाडी सोडली. डावीकडं. त्यानं चाकं तपासली, सळ्या तपासल्या, उताराचा संशय आला म्हणून बाटलीतलं पाणी जमिनीवर ओतलं. पाणी उजवीकडं वाहत गेलं. मग तो मैदानाच्या पलीकडच्या टोकाला गेला आणि तिथून त्यानं गाडी उलट दिशेनं सोडली. गाडी उजवीकडं वळली.

अनिलकुमारनं गाडी उचलून आणली. कपाळ पुसत तो म्हणाला, “वहिनी, खोड गाडीत असली की ती गाडीसंगट फिरतीय. डावीकडं ओढणारी गाडी कुटूनबी सोडा, तिच्या डावीकडंच जाणार. ही तसं करत न्हाय.”

“मग?”

“ही कुटूनबी सोडली तरी तिकडंच चाललीय.” त्यानं हात केला. मैदानाची पडकी भिंत, भिंतीपलीकडं रस्ता, रस्त्यापलीकडं चिंचांची दाट रांग. तो चटकन हात खाली घेऊन म्हणाला, “वारा आसंल. सोमण्णा नाक जड ठेवायचा, पुढच्या स्पंजाखाली वजन हाय का बघा.” आणि तो निघाला. वारा तर पानही हलवत नव्हता.

शिवलीलाला चिंचा ओळखू आल्या होत्या. त्यांच्या सावलीतच तर सोमशेखरला बसवून पुरलं होतं.

घरी येऊन तिनं खोलीचं दार लावलं आणि गाडीच्या नाकातला स्पंज उपसला. आत, दोरा नीट गुंडाळलेली, चांदीची डबी होती. ती डबी तिनं रोज पहाटे त्याच्या छातीवर पाहिली होती. तिला लख्ख आठवलं, मागं एकदा गाडीवर वाकला असताना दोरा चक्रात गुरफटला होता आणि त्याच्या मानेवर वळ उठला होता. म्हणजे तेव्हापासून हा बाप्या बापाला चोरून लिंग उतरवायचा, चालवणं होईपर्यंत गाडीत ठेवायचा आणि पुन्हा गळ्यात घालायचा. त्या रविवारी पुन्हा घालायला तो उरला नाही.

भिंतीपलीकडं बसप्पा खोकत होता. उठायचं, चार पावलं चालायचं आणि डबी म्हाताऱ्याच्या हातात द्यायची. कुणीही हेच केलं असतं. शिवलीला उठली, दारापर्यंत गेली आणि परत फिरली. दिली तर उद्या ती मातीत जाईल, मग गाडी सरळ पळेल, आणि सोमशेखर कायमचा जाईल. अजून तो गेला नव्हता. कुठंतरी होता, आणि ओढत होता. तिनं डबी होती तशी स्पंजाखाली दाबली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं एक केलं, आणि ते लबाडीचं होतं हे तिला ठाऊक होतं. गाडी मैदानाच्या या टोकाला ठेवायची, आपण चालत जाऊन पडक्या भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, आणि नुसता घोडा ओढायचा. रिमोटवरचं वळवायचं चाक शिवायचंसुद्धा नाही. गाडी धूळ उडवत, दगड चुकवत, थेट तिच्या पावलांशी यायची. पहिल्या दिवशी ती आली आणि तिच्या चपलेला टेकून थांबली, तेव्हा शिवलीला खळखळून हसली. जन्मभर गाडीकडं पाठ फिरवली, आता गाडीच माझ्याकडं येते, असं ती मोठ्यानं बोलली. ऐकायला कुणी नव्हतं. तिला मात्र कुणीतरी ऐकतंय असंच वाटत होतं.

घरात तिच्या चेहऱ्यावर रंग आला. बसप्पा मात्र वाळत चालला. “काल सपनात आला हुता,” तो एका सकाळी म्हणाला. “काय बोलला न्हाय. हात पुढं करून बसलाय, आन् तळहात रिकामा.” शिवलीलानं भाकरी उलटली आणि मान वर केली नाही. त्या दुपारीही ती गेलीच.

त्या दुपारी विचारांच्या नादात ती रिमोट आणि गाडी दोन्ही चालू न करताच निघाली. भिंतीशी पोचून ती वळली, तर गाडी निघालेली होती.

ती खेळत आल्यासारखी आली नाही. दातओठ खाऊन आली. तिच्या घोट्यावर आदळली, मागं सरली, पुन्हा आदळली. शिवलीलानं रिमोट चालू केला, बंद केला, गाडीला फरक पडला नाही. घोट्याचं साल निघालं. ती ओरडून बाजूला झाली, आणि गाडीनं तिच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ भिंतीला जाऊन भिडली. चाकं जागच्या जागी गरगरत राहिली, रबर जळल्याचा वास सुटला, भिंतीची माती भुरभुर गळू लागली, तरी ती ढकलतच होती.

शिवलीला ते बघत उभी राहिली. तो तिच्याकडं कधी येतच नव्हता. इतके दिवस ती फक्त त्याच्या वाटेत उभी होती.

तिनं गाडी उचलली, बॅटरी उपटून काढली, तेव्हा कुठं चाकं थांबली. ती तशीच रक्ताळल्या पायानं घरी आली आणि गाडी बसप्पासमोर ठेवली. स्पंज काढला.

म्हाताऱ्यानं डबी पाहिली. हात लावायचं त्याला धाडस होईना. “शिवने, शिवने,” त्यानं कानडीत शिवाचा धावा केला. मग त्यानं विचारलं, “कवा घावलं?”

“झाले की दिवस, मामा.” तिला खोटं बोलता आलं असतं. “मी दडवलं. तुमाला रोज बघत हुते, तरी दडवलं.”

ती शिव्यांची वाट बघत होती. बसप्पा भिंतीला धरून उठला आणि कोपऱ्यातलं खुरपं घेतलं. “तुझ्या जागी मी असतो तर मीबी दडवलं असतं,” तो म्हणाला. “चल आता. ऊन हाय तवर जाऊ.”

चिंचांखाली सावली होती आणि इतकी शांतता, की खुरप्याचा आवाज मोठा वाटत होता. बसप्पानं समाधीच्या चौथऱ्यालगत कोपरभर खड्डा केला, आत बेल आणि विभूती टाकली आणि बाजूला सरकला. “तू ठेव. त्यानं तुझ्याकडंच ठेवलं हुतं म्हण.”

शिवलीला गुडघे टेकून बसली. डबी मुठीत घेऊन तिनं हात खड्ड्यावर नेला आणि दचकली. हात खाली ओढला जात होता. जोरानं नाही, बोट धरून कुणी आपल्या माणसाला घराकडं न्यावं तसा, अलगद. ती ओढ तिच्या ओळखीची होती. तिचं सगळं अंग त्या हातात गोळा झालं, आणि मूठ उघडायच्या ऐवजी घट्ट झाली.

“सोड, पोरी,” बसप्पा म्हणाला.

“सोडलं की संपलं, मामा.”

“संपलंय की गं ते. तुझ्या एकटीचं संपायचं ऱ्हायलंय.” म्हाताऱ्याचा आवाज फुटला. “त्यो हात पुढं करून बसलाय. किती बसवायचं त्याला?”

शिवलीलानं मूठ उघडली. डबी पडल्याचा आवाजही झाला नाही. बसप्पानं दोन्ही हातांनी माती लोटली, वर दगड ठेवला, कपाळ टेकलं आणि लहान मुलासारखा रडला. पुष्कळ दिवसांनी त्याचा श्वास मोकळा चालला होता.

शिवलीलाचा हात तसाच पुढं होता. तिनं तो मातीवर धरला, डावीकडं नेला, उजवीकडं नेला, पुन्हा मातीवर धरून वाट पाहिली. कुणी ओढत नव्हतं. मग तिला रडू आलं.