बिनवासाचं कलिंगड

क्रीमच्या कारखान्यात मिश्रणाच्या खोलीत तिला सगळे ताई म्हणत. पाठीमागे 'टोमॅटो' म्हणत, हेही तिला ठाऊक होतं. लहानपणापासून तिचे दोन्ही गाल लालभडक. थंडीत सोलायचे, उन्हात पेटायचे.

सव्वा वर्ष खपून तिने एक क्रीम बनवलं होतं. कलिंगडाच्या सालीलगतचा पांढरा गर ज्यूसवाले बादलीत टाकून देतात, त्याचा गाळून घेतलेला अर्क त्यात होता. एकोणिसाव्या खेपेत तेल-पाणी वेगळं झालं, सव्विसावीला बुरशी आली. एकतिसावी तिने स्वतःच्या गालाला लावली आणि कित्येक वर्षांनी गाल न खाजवता दुपारचं जेवण झालं. लाली तशीच होती, पण आग विझली होती.

विक्रीप्रमुखाने डबी हुंगली आणि तोंड वाकडं केलं. "कलिंगडाचं क्रीम, आणि वास नाही? रंगही पांढराफटक!"

"अहो, वासासाठी घालतात त्या द्रव्यानेच तर कातडी जळते."

"चिमूटभर टाका हो. कोणाला कळतंय?"

मालकांनी त्याचीच री ओढली. "सोमवारी मला गुलाबी, घमघमणारी डबी दिसली पाहिजे."

सोमवारी तिने दोन्ही डब्या नेल्या. मालक नुकतीच गुळगुळीत दाढी करून आले होते. "गुलाबी उजव्या गालाला लावा, पांढरी डाव्या," ती म्हणाली. मालकांनी हसत हसत लावली. मिनिटभरात उजवा डोळा बारीक झाला.

"चुरचुरतंय जरा."

"ज्यांच्यासाठी हे बनवलंय, त्यांना दिवसभर चुरचुरेल."

"शंभरातल्या नव्वदांना काही होणार नाही," विक्रीप्रमुख म्हणाला.

"मग त्या नव्वदांना ही डबी लागतेच कशाला?"

मालकांनी गाल पुसला. "वाद पुरे. गुलाबीच जाईल. सही करा."

तपासणीच्या कागदावर तिची सही झाल्याशिवाय माल दाराबाहेर पडत नसे. तिने डबीवरच्या ओळीवर बोट ठेवलं. 'नाजूक त्वचेला शांतवणारं.'

"एवढं खोडा, लगेच करते."

"त्या ओळीवरच तर माल खपतो! नोकरी नकोशी झालीय का?"

नवरा तीन महिने घरीच बसून होता. "हवी आहे," ती म्हणाली. "पण खोटी सही करणार नाही."

खोलीत परतून ती भांडी घासू लागली. घासता घासता एक काचपात्र फुटलंच. दिवसभर कोणी फिरकलं नाही. संध्याकाळी मालक स्वतः आले. उजवा गाल अजून तांबूस होता.

"दोनशे डब्या, बिनवासाच्या. प्रदर्शनात मांडू. पण विकायच्या तुम्ही. नाही खपल्या, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

प्रदर्शनात विक्रीप्रमुख तिला कोपऱ्यात बसवायला निघाला. "म्हणजे, चेहरा जरा..."

"लाल आहे. बोला ना!" तिने टेबल ओढत थेट वाटेवर आणलं, भगभगीत दिव्याखाली.

दुपारपर्यंत लोक डबी हुंगत आणि खाली ठेवत. मग हॉटेलात भांडी घासणारी एक बाई थांबली. तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या.

"तुम्ही लावता हे?"

"रोज."

"मग गाल असे कसे?"

विक्रीप्रमुखाला ठसका लागला. ताई मात्र जागची हलली नाही. "गाल असेच राहणार, बाई. याने रंग बदलत नाही. झोंबणं थांबतं, बस्स."

बाईने भेगांवर क्रीम चोळलं आणि ओठ घट्ट मिटून वाट पाहत राहिली. झोंबलं नाही. ती गेली आणि तासाभराने चार मैत्रिणींना ओढत घेऊन आली. एकीचे हात कोपरापर्यंत सोललेले होते. त्यांच्याभोवतीची गर्दी पाहून आणखी लोक थांबू लागले.

प्रदर्शन बंद व्हायच्या वेळी अठ्ठ्याऐंशी डब्या उरल्या होत्या. अजून एक दिवस हाती होता.

"उद्या थोडी पावडर तरी लावून या," विक्रीप्रमुख अजिजीने म्हणाला.

"उद्या टेबल आणखी पुढे घेऊ," ताई म्हणाली. "या, ते टोक धरा."